पदवी की सहा महिन्यांचा कोर्स? आधी दारावर कोण बसले आहे ते पाहा

बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्राच्या घडीतून पत्रके गळू लागतात. माझ्याकडे साठलेल्या अशा पत्रकांपैकी एकावर ‘६ महिन्यांत नोकरी, फी नोकरी लागल्यावर’ असे ठळक अक्षरांत छापले आहे आणि त्याखाली ‘भारत सरकार नोंदणीकृत’ व ‘आयएसओ प्रमाणित’ असे दोन गोल शिक्के आहेत. दुसरे एका महाविद्यालयाचे आहे. त्यावर ‘नव्या धोरणानुसार ४ वर्षांची ऑनर्स पदवी, दरवर्षी बाहेर पडण्याची मुभा’ अशी ओळ आहे. दोन्ही पत्रके एकाच घरात पडतात आणि त्या घरातले अर्धे लोक ‘निदान पदवी तरी पदरात पडू दे’ म्हणतात, तर उरलेले ‘पदवी काय चाटायची आहे?’ असे विचारतात. ज्याला प्रवेश घ्यायचा असतो तो बहुधा गप्प असतो.

या वादाचा निकाल लागत नाही, कारण मुळात प्रश्नच चुकीच्या जागी उभा राहून विचारला जातो. पदवी चांगली की छोटा अभ्यासक्रम चांगला, याला सरसकट उत्तर नाही. ज्याला उत्तर आहे असा प्रश्न वेगळा आहे: जे काम पुढे करायचे आहे, त्या कामाच्या दारावर कोण बसले आहे आणि ते आत सोडताना काय तपासते?

आधी शब्द लावून घेऊ

पदवी म्हणजे विद्यापीठाने दिलेली बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., बी.ई. यांसारखी पात्रता. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. गल्लीतल्या कोणत्याही इन्स्टिट्यूटला, तिचे फलक कितीही मोठे असले तरी, तो नाही. पदविका म्हणजे डिप्लोमा. तो तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांचा असतो. आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जिथे एक किंवा दोन वर्षांत एखादा व्यवसाय शिकवला जातो. आणि ज्याला सगळे सरसकट ‘कोर्स’ म्हणतात तो काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंतचा, एखाद्या ठरावीक कामापुरता अभ्यासक्रम असतो: टॅली, टंकलेखन, वेब डिझाइन, ब्यूटी पार्लर, मोबाइल दुरुस्ती, डेटा अॅनालिटिक्स.

आणखी एकच शब्द लागेल, तो श्रेयांक. नव्या व्यवस्थेत शिकण्याचे माप वर्षांनी न करता श्रेयांकांनी करतात. सुमारे ३० तासांचे शिक्षण म्हणजे १ श्रेयांक आणि वर्षाचे साधारण ४० श्रेयांक, असा राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याचा हिशेब आहे. दूध डेअरीच्या वहीत जसे रोजचे लिटर चढतात आणि हिशेब महिन्याअखेरीस होतो, तसे हे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर एका डिजिटल खात्यात जमा होतात.

कागदाची किंमत कुठून येते?

वाशीच्या बाजारात आंब्याची पेटी घेणारा व्यापारी प्रत्येक आंबा कापून पाहू शकत नाही. तो पेटीवरचे नाव पाहतो, गाव पाहतो, पाठवणारा बागायतदार कोण ते पाहतो आणि भाव ठरवतो. कलिंगडवाल्याचे मात्र वेगळे असते. तो सुरीने त्रिकोणी फोड काढून समोर धरतो, गिऱ्हाईक ती पाहते, चाखते आणि मग पैसे मोजते. फोड हातात असताना कलिंगड कुठल्या गावचे, हे कोणी विचारत नाही.

नोकरीच्या बाजारात पदवी हे बरेचसे पेटीवरचे नाव आहे आणि हाताचे कौशल्य ही फोड आहे. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये हाच मुद्दा मांडला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. उमेदवार कसा आहे हे मालकाला आधी कळत नाही, म्हणून तो अशा खुणेकडे पाहतो जी मिळवणे नेटाच्या माणसाला तुलनेने सोपे आणि इतरांना जड जाते. तीन वर्षे वर्गात बसून, सहा सत्रांच्या परीक्षा देऊन पार पडणे ही अशी खूण आहे. त्या तीन वर्षांत नेमके काय शिकवले, याच्याशी मालकाला अनेकदा फारसे देणेघेणे नसते, आणि हे वाचून प्राध्यापकांना वाईट वाटले तरी ते खरे आहे.

यातून एक साधी कसोटी हाती येते. जिथे मालकाला फोड चाखता येते तिथे छोटा अभ्यासक्रम चालतो. जिथे ती चाखता येत नाही, चाखायला वेळ नाही किंवा चाखून घेण्याची कायद्याने मुभाच नाही, तिथे पेटीवरच्या नावाशिवाय कोणी जवळ उभे करत नाही.

जिथे दारावर कायदाच बसला आहे

काही दारे अशी आहेत की तिथे गुणवत्ता, मेहनत, ओळख यांतले काहीच चालत नाही, ठरावीक कागदच लागतो. वकिलीला कायद्याची पदवी लागते. ती बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची. औषधाचे दुकान चालवायचे तर नोंदणीकृत औषधनिर्माता लागतो आणि त्या नोंदणीसाठी बारावीनंतर दोन वर्षांची डी.फार्म. ही पदविका तरी हवीच. मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर दहा वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला डॉक्टरची चिठ्ठी डोळे मिटून वाचता येईल, पण त्या अनुभवावर त्याला स्वतःचा परवाना मिळणार नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती नर्सिंगच्या नावाखाली. परिचारिका म्हणून राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी व्हायची असेल तर एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम हा तीन वर्षांचा किंवा बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम, तोही मान्यता असलेल्या संस्थेतून, करावा लागतो. तालुक्याच्या गावांत मात्र ‘सहा महिन्यांचा नर्सिंग कोर्स’ अशा पाट्या दिसतात. त्यांतले काही अभ्यासक्रम रुग्णसेवा साहाय्यक या कामाचे असतात आणि ते काम खरे आहे, गरजेचे आहे. रुग्णाला उठवणे-बसवणे, अंग पुसणे, तापमान व नाडी नोंदवणे यासाठी रुग्णालयांना आणि वृद्धांच्या घरांना माणसे लागतातच. पण ते परिचारिकेचे काम नव्हे, त्याचा पगार तो नव्हे आणि कितीही वर्षे केले तरी त्या कागदावर परिचारिका होता येत नाही. पांढरा गणवेश, टोपी आणि ओळखपत्र मिळाले की हा फरक नजरेआड होतो. तो कळतो सरकारी भरतीची जाहिरात निघते आणि अर्जात नोंदणी क्रमांकाचा रकाना येतो तेव्हा. म्हणून आरोग्य क्षेत्रातला कोणताही अभ्यासक्रम घेताना पहिला प्रश्न एकच विचारावा: याच्यानंतर माझी नोंदणी कोणत्या परिषदेत होते? उत्तर ‘नोंदणीची गरजच पडत नाही’ असे आले, तर आपण साहाय्यक होण्याचे शिक्षण घेत आहोत, हे समजून पुढचा निर्णय करावा.

सरकारी नोकरीचा दरवाजा

इथे जाहिरातीतला ‘शैक्षणिक अर्हता’ हा परिच्छेद म्हणजे शेवटचा शब्द. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेला, फौजदाराच्या परीक्षेला, तलाठी भरतीला, बँकेच्या लिपिकाच्या परीक्षेला पदवी लागते. कोणत्या शाखेची, हे यांतल्या बहुतेक ठिकाणी विचारत नाहीत. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते.

पण याच खिडकीत छोट्या अभ्यासक्रमाची ताकदही दिसते. लिपिक-टंकलेखक या पदाचे उदाहरण घ्या. तिथे पदवीच्या जोडीला मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग असल्याचे शासकीय प्रमाणपत्र मागतात. प्रथम श्रेणीत पदवी घेतलेला आणि हे प्रमाणपत्र नसलेला उमेदवार त्या पदासाठी अपात्र ठरतो. काही महिने रोज तासभर टंकलेखन वर्गात जाऊन मिळणारा हा कागद तीन वर्षांच्या पदवीला अडवून धरतो. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीचेही असेच झाले. शासकीय सेवेत संगणकज्ञानाची अट पूर्ण करणारे प्रमाणपत्र म्हणून तो अभ्यासक्रम घरोघरी पोहोचला.

तंत्राच्या पदांवर तर पदवीला मागे टाकून आयटीआय पुढे जाते. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत वीजतंत्री किंवा तारतंत्री या व्यवसायाचे प्रमाणपत्र मागतात. रेल्वेच्या सहाय्यक लोको पायलट पदासाठी दहावीसोबत ठरावीक व्यवसायांतले आयटीआय चालते. जोडारी, कातारी, संधाता हे जाहिरातींत छापले जाणारे शब्द नव्या मुलांना अनोळखी वाटतात, पण फिटर, टर्नर आणि वेल्डर यांची ती मराठी नावे आहेत आणि अशा पदांच्या रांगेत निव्वळ बी.ए. झालेल्याला जागा नसते.

जिथे फोड चाखून घेतात

खासगी क्षेत्रात, विशेषतः छोट्या आस्थापनांत, दारावर खुद्द मालक बसलेला असतो. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये वेल्डरला घेताना त्याच्या हातात पट्ट्यांचे दोन तुकडे देतात आणि सांधा मारायला सांगतात. टाका सरळ पडला, छिद्र राहिले नाही, ठोकून पाहिल्यावर तुटला नाही, की तोंडी चौकशी संपते. व्हिडिओ संपादन, छायाचित्रण, मेकअप, स्वयंपाक, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती, शिवणकाम या सगळ्यांत केलेले काम दाखवता येते. अशा क्षेत्रात सहा महिने चांगले शिकून दोन वर्षे काम केलेला मुलगा, त्याच वयाच्या आणि हातात फक्त गुणपत्रिका असलेल्या मुलाच्या पुढे असतो.

तरीही एक पथ्य आहे. छोटा अभ्यासक्रम बहुधा एखादे साधन शिकवतो, आणि साधने बदलतात. हिशेबाच्या कामात हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि टॅलीतल्या नोंदींची पद्धत एका रात्रीत पालटली. जमा-नावे म्हणजे काय, कर कोणाकडून घ्यायचा आणि कोणाला भरायचा, हे ज्यांना मुळातून कळत होते त्यांनी नवी पद्धत लवकर उचलली. ज्यांनी ‘ही कळ दाबली की हा व्हाउचर येतो’ एवढेच पाठ केले होते त्यांना पुन्हा शिकवणी लावावी लागली. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आता हेच अनेक क्षेत्रांत होते आहे. म्हणून अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात सॉफ्टवेअरांची नावे किती आहेत, यापेक्षा त्यांच्याखालचा विषय शिकवतात की नाही, हे पाहणे महत्त्वाचे.

‘आयटीत आता पदवी विचारत नाहीत’ हेही नेहमी ऐकू येते. काही कंपन्या विचारत नाहीत, हे खरे. पण मोठ्या कंपन्यांत एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो आणि पहिली चाळणी संगणक किंवा मनुष्यबळ विभागातला कनिष्ठ कर्मचारी लावतो. त्याला फोड चाखायला वेळ नसतो. तो पेटीवरचे नाव वाचतो. पदवी नसलेला हुशार मुलगा त्या चाळणीतून खाली पडतो तो त्याचे काम वाईट आहे म्हणून नव्हे, तर ते कोणी पाहिलेच नाही म्हणून. अशा मुलाने ओळखीतून, केलेल्या कामातून, छोट्या कंपनीतून शिरावे लागते. ते जमते, पण त्याला वेळ लागतो आणि धीरही.

पैशाचा हिशेब, कागदावर

पदवीचा खर्च मोजताना लोक फी मोजतात. अनुदानित महाविद्यालयात बी.ए., बी.कॉम.ची फी हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग राहण्या-खाण्याचा आणि त्या काळात न मिळालेल्या पगाराचा. समजा, एखादी मुलगी बारावीनंतर लगेच महिना १२,००० रुपयांच्या कामाला लागू शकत होती. तीन वर्षे ती शिकली म्हणजे ४,३२,००० रुपये तिने कमावले नाहीत. पदवीनंतर तिला महिना १८,००० मिळाले, तर दरमहा ६,००० च्या फरकाने ही रक्कम भरून यायला ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे लागतील. अर्थात ती तीन वर्षे काम करत राहिली असती तर तिचा पगारही वाढला असता, आणि पदवीनंतर तिची वाढ कदाचित अधिक वेगाने झाली असती. आकडे आपापल्या घरचे घालावेत. रीत एवढीच आहे.

या हिशेबात महाराष्ट्रातील मुलींसाठी एक मोठा बदल २०२४-२५ पासून झाला आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘अभियांत्रिकी परवडणार नाही, तू कोर्सच कर’ असे मुलीला सांगण्यापूर्वी ही सवलत तिला लागू होते का, ते तपासायला हवे.

आता पत्रकावरच्या ‘फी नोकरी लागल्यावर’ या ओळीकडे येऊ. बहुतेक वेळा यामागे कर्ज असते. प्रवेशाच्या दिवशी टॅबवर एक अर्ज भरून घेतात, आधार-पॅन मागतात, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायला लावतात आणि ‘ही नुसती हप्त्यांची सोय आहे’ म्हणतात. प्रत्यक्षात एक वित्तकंपनी त्या मुलाच्या किंवा वडिलांच्या नावावर कर्ज मंजूर करते आणि फी थेट संस्थेला देते. संस्थेचा व्यवहार तिथे संपतो. महिन्याभरात शिकवणे आवडले नाही, शिक्षक सोडून गेला, संस्थाच बंद पडली, तरी हप्ता वित्तकंपनीचा असतो आणि तो थकला तर पतनोंद बिघडते. पुढे दुचाकी किंवा घरासाठी बँकेत गेल्यावर ती नोंद समोर येते. ओटीपी सांगण्यापूर्वी कर्जाचा करार मागून घ्यावा, त्यात कर्ज देणाऱ्याचे नाव, एकूण रक्कम आणि अर्धवट सोडल्यास काय, ही तीन कलमे वाचावीत. ‘ते नंतर ईमेलवर येईल’ असे उत्तर मिळाले, तर उठून घरी यावे.

‘पण पदवीधरच तर जास्त बेकार आहेत!’

आहेत. २०२२-२३ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ वर्षे व त्यापुढील सगळ्या लोकांत बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, तर पदवीधरांमध्ये तो सुमारे १३ टक्के होता. हा आकडा दाखवून ‘शिकूनच माणूस बेकार होतो’ असा निष्कर्ष काढला जातो, पण आकडा तसे सांगत नाही. बेरोजगार म्हणजे काम शोधत असूनही ज्याला ते मिळालेले नाही असा माणूस. ज्याच्या घरात चार दिवसांचे धान्य नाही त्याला शोधत बसायची सोयच नसते. तो मिळेल त्या रोजावर जातो आणि सर्वेक्षणात ‘रोजगारात’ मोजला जातो. पदवीधर मुलगा मनासारख्या नोकरीसाठी, बहुतेकदा स्पर्धा परीक्षेसाठी, घरच्यांच्या आधारावर दोन-तीन वर्षे थांबू शकतो. म्हणजे या दरात पदवीचे अपयश काही अंशी आहे आणि थांबण्याची ऐपतही मिसळलेली आहे.

अपयशाचा भाग मात्र झाकण्यात अर्थ नाही. शाखा निवडताना कसलाच विचार न करता, घराजवळचे महाविद्यालय म्हणून घेतलेली पदवी आणि तीन वर्षांत न केलेले एकही काम, या जोडीला बाजारात भाव नाही. राज्य सरकारनेच २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले. दोन वर्षांचे आयटीआय आणि तीन वर्षांची पदवी यांच्यातले अंतर खुद्द सरकारने दोन हजारांचे मानले, हे मला बोलके वाटते.

‘लग्नाच्या बाजारात पदवी विचारतात, त्याचे काय?’ हाही आक्षेप घेतला जातो, दबक्या आवाजात का होईना. विचारतात, हे नाकारून उपयोग नाही. पण त्या कामापुरती पदवी मुक्त विद्यापीठातूनही घेता येते, त्यासाठी तीन वर्षे हातातले काम सोडण्याचे कारण नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तेच करते आहे, आणि मान्यताप्राप्त दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, असे अनुदान आयोगाने स्पष्ट केलेले आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग यांसारख्या अभ्यासक्रमांना मात्र हा मार्ग बंद आहे.

दरवर्षी बाहेर पडण्याची मुभा म्हणजे नेमके काय?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या जिन्याला प्रत्येक मजल्यावर दार केले. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी बाहेर पडताना ४ श्रेयांकांचा एखादा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा कार्यानुभव जादा पूर्ण करावा लागतो. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सगळी पदवी सात वर्षांच्या आत पुरी करावी लागते.

ही सोय चांगली आहे, पण ती कशासाठी आहे हे समजून घ्यावे. वडील आजारी पडले, पैसे संपले, बाळंतपण आले, तर आधी केलेली वर्षे वाया जात असत. आता ती खात्यात राहतात. बाहेर पडताना मिळणाऱ्या कागदावर मात्र फार भिस्त ठेवू नये. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या प्रमाणपत्राला काय पगार द्यायचा, हे अजून बाजाराला ठाऊक नाही. पेटीवरचे हे नाव व्यापाऱ्याने पूर्वी कधी वाचलेलेच नाही. ज्याला एका वर्षातच कामाला लागायचे आहे त्याने महाविद्यालयाचे एक वर्ष घेऊन प्रमाणपत्रावर बाहेर पडण्यापेक्षा संधाता किंवा नळ कारागीर यांसारखा एक वर्षाचा आयटीआय व्यवसाय निवडणे अधिक शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

आधी काम, मग पदवी असे चालते का?

चालते, आणि महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. दहावीनंतर दोन वर्षांचे आयटीआय केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविका झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही वाट लांबची दिसते, पण तिच्या प्रत्येक टप्प्यावर हातात विकता येईल असे काहीतरी असते. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी म्हणजे अॅप्रेंटिसशिप करता येते. २०१९ च्या नियमांत तिचे किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवले गेले होते. कारखान्यात वर्षभर शिफ्ट केलेला मुलगा पुढे पदविकेच्या वर्गात बसतो तेव्हा फळ्यावरची आकृती त्याने हाताळलेली असते.

उलट बाजूने, पदवी चालू असतानाच छोटा अभ्यासक्रम करण्याला आता नियमांचाही आधार आहे. २०२२ पासून वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करता येतात. ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरचे अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात आणि महाविद्यालयाने मान्य केल्यास त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जातात. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सकाळी महाविद्यालय आणि दुपारी एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात विवरणपत्रे भरण्याचे काम, ही जुनी पद्धत कोणत्याही धोरणाच्या आधीपासून चालत आली आहे, आणि मला ती आजही सर्वांत खात्रीची वाटते.

‘मान्यताप्राप्त’ या शब्दाची शहानिशा

शेवटी त्या पत्रकावरचे दोन शिक्के. ‘भारत सरकार नोंदणीकृत’ याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की संस्थेची कंपनी, न्यास किंवा सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंदणी झाली आहे. ‘उद्यम’ नोंदणी पिठाच्या गिरणीलाही मिळते. त्याने गिरणीतले पीठ सरकारी होत नाही. ‘आयएसओ ९००१’ हे प्रमाणपत्र संस्थेच्या कामकाजाच्या व्यवस्थेचे असते. तिथे काय शिकवतात आणि त्याला कोण मान्यता देते, याच्याशी त्याचा संबंध नाही.

खरी मान्यता अभ्यासक्रमाला असते आणि ती देणाऱ्याचे नाव सांगता येते. कौशल्य अभ्यासक्रमांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद आहे आणि मान्य पात्रतांची यादी राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत इंटरनेटवर पाहता येते. पदविकेसाठी राज्याचे तंत्रशिक्षण मंडळ, पदवीसाठी विद्यापीठ. बनावट विद्यापीठांची यादी अनुदान आयोग स्वतः प्रसिद्ध करत असतो. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना प्रवेश परीक्षा लागली, तेव्हा काही महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम वेगळ्या नावाने सुरू ठेवला. म्हणून पदवी प्रमाणपत्रावर नेमके कोणते नाव छापले जाणार, हेही प्रवेशाआधी विचारावे.

‘शंभर टक्के नोकरी’ या दाव्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. निवडीचे प्रमाण, नोकरीची हमी, पगारवाढ यांविषयी खोटे दावे करण्यास त्यांत मनाई आहे आणि यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण तक्रारीची वेळ येण्याआधी करण्याजोगी गोष्ट साधी आहे. संस्थेत गेल्यावर भिंतीवरचे हसरे फोटो पाहून परत येऊ नये. आदल्या वर्षीच्या तुकडीतल्या पाच मुलांशी बोलायचे आहे, असे सांगावे आणि ती पाच मुले संस्थेने निवडू नयेत, हजेरीपटावरून आपण निवडावीत. ती आज कुठे काम करतात, पहिला पगार किती हातात आला आणि दारावर त्यांना कोणता कागद मागितला, हे तीन प्रश्न त्यांना विचारावेत.